ब्लाइंड वर थांबेना, तेव्हा

मे महिन्यात ग्वाल्हेरला आंधी आली की लश्कर भागातल्या आमच्या घरात खिडक्या बंद असूनही धूळ शिरते. यंदा त्यानंतर बैठकीतलं व्हेनेशियन ब्लाइंड, म्हणजे खिडकीचा आडव्या पट्ट्यांचा पडदा, वर थांबेनासं झालं. दोरी सोडली की सगळ्या पट्ट्या खडखडत खाली. दुकानदार म्हणाला, नवीनच घ्या. मला पटलं नाही; पट्ट्या आणि दोऱ्या धडधाकट होत्या.

दोष होता वरच्या पेटीत, दोरी बाहेर पडते तिथल्या लॉकमध्ये. त्यात तिरक्या खाचेत एक छोटी दातेरी पिन सैल बसवलेली असते. दोरी सोडली की पट्ट्यांच्या वजनाने ती आत ओढली जाते, पिनेलाही अरुंद बाजूला नेते आणि तिथेच चिमटली जाते. दोरी जरा ओढून तिरकी धरली की पिन मोकळी. दात्यांत धूळ आणि दोरीचे तंतू अडकले, की पिन सरकतच नाही, मग पकड कुठून येणार?

ब्लाइंड उतरवलं, चिमट्याने तंतू काढले, कोरड्या टूथब्रशने खाच घासली. तेल अजिबात घालू नका. दोरी निसटते आणि धूळ आणखी चिकटते. दाते झिजले असतील तर तेवढं लॉकच बदलावं.

दोरी गुंडाळायला भिंतीवर दीड मीटरच्या वर आकडा लावला. नातू आता सोफ्यावर चढतो, आणि लोंबत्या दोरीचा लहान मुलांना गळफास बसू शकतो. अमेरिकेत २०१८ च्या मानकाने तयार ब्लाइंडच्या लांब दोऱ्या याच कारणाने बंद केल्या. सोफाही खिडकीपासून हलवला.