ट्रेनिंगचं पुस्तक कपाटात जाऊ देऊ नका: अंगणवाडी ताईंनी वर्षभर शिकत कसं राहायचं

तायांनो, तीन दिवसांचं ट्रेनिंग झालं की पुढं काय होतं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. तालुक्याला हॉलमध्ये बसतो, गाणी म्हणतो, चार्ट बनवतो, मनापासून वाटतं की आता गावात जाऊन असंच करायचं, आणि गावात पाय ठेवला की टीएचआर (घरी न्यायचा पोषण आहार) वाटायचा असतो, मोबाईलवरचा पोषण ट्रॅकर (अंगणवाडीच्या नोंदींचं सरकारी ॲप) भरायचा राहिलेला असतो, दोन गृहभेटी तुंबलेल्या असतात, आणि ते जाडजूड पुस्तक पिशवीतून निघून थेट कपाटात जातं. माझंही कितीतरी वर्षं तसंच व्हायचं. मी बीड जिल्ह्यात ऊसतोडीच्या गावात अंगणवाडी चालवते आणि मला जो काही बालविकास कळला तो हॉलमध्ये नाही कळला, पुस्तकातलं एक पान घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी एका लेकराकडं नीट बघितलं तेव्हा कळला. म्हणून ते कसं करायचं हे सांगते.

एक शंभर पानी वही घ्या. ती रजिस्टर नाही, तपासणीला दाखवायची नाही, तुमची आहे. रोज एकच लेकरू निवडायचं आणि दहा मिनिटं त्याच्याकडं बघायचं, मधे बोलायचं नाही, शिकवायचं नाही, फक्त बघायचं आणि दुपारी चार ओळी लिहायच्या. पण काय लिहायचं हे महत्त्वाचं आहे. "खोडकर आहे, लक्ष देत नाही" असं लिहिलं तर त्यातून काहीच हाती लागत नाही. "डब्याचं झाकण तीन वेळा काढलं, तीन वेळा बसवलं, चौथ्यांदा उलटं लावून बघितलं" असं लिहा. मग संध्याकाळी पुस्तक उघडा आणि त्या वयाचं पान बघा, तुम्हाला दिसेल की तो खोडी करत नव्हता, तो शोधत होता की उलटं झाकण का बसत नाही. पुस्तकातलं वाक्य त्या लेकराच्या रूपात एकदा डोळ्यासमोर आलं ना, मग ते विसरत नाही.

मला हे पटलं ते एका लेकरामुळं. साडेतीन वर्षांचं पोरगं, पाच महिने कारखान्यावर आई-बापासोबत कोपीत (ऊसतोडीवाल्यांच्या झोपडीत) राहून आलेलं, एक शब्द बोलायचं नाही. गावातले म्हणायचे मंद आहे, आणि खरं सांगते, माझ्याही मनात तेच आलं होतं. आठ दिवस वहीत लिहिलं. सहाव्या-सातव्या दिवशी मागची पानं वाचताना लक्षात आलं की मी समोर असले की ते माझ्याकडं बघून सगळं करतंय, आणि मागून हाक मारली की एकदाही वळलेलं नाही. मग आईला विचारलं तर म्हणाली, "ताई, त्याचा कान वाहतो की थंडीपासून, फडात कुठं दवाखाना." आरबीएसकेची, म्हणजे लेकरांची आरोग्य तपासणी करणारी सरकारी टीम आली तेव्हा वही पुढं केली, त्यांनी जिल्ह्याला पाठवलं, कानाचा इलाज झाला आणि पावसाळा संपेपर्यंत ते पोरगं गाण्याच्या ओळी म्हणायला लागलं. त्या पोराला मी मंद म्हणून बसवून ठेवलं असतं तर, हा विचार अजून येतो.

म्हणून धोक्याच्या खुणांचं पान पाठ करा, बाकी नंतर. दीड वर्षाचं झालं तरी चालत नाही, दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडून बोलत नाही, हाकेला वळत नाही, नजर देत नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आधी येत होतं ते यायचं बंद झालं, कोणत्याही वयात. असं काही दिसलं तर आपण आजाराचं नाव सांगायचं नाही, आईला घाबरवायचं नाही, जे दिसलं ते सांगायचं आणि पुढं पाठवायचं. आरबीएसकेची टीम वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते, पण तोवर थांबायची गरज नाही, आशाताईला सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या.

आता पुस्तकांचं. 2023 साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या "पोषण भी पढाई भी" कार्यक्रमातून दोन पुस्तकं आपल्यापर्यंत आली, तीन ते सहा वर्षांसाठी "आधारशिला" आणि तीन वर्षांच्या आतल्यांसाठी "नवचेतना". आपल्या राज्याचा "आकार" हा अंगणवाडीचा अभ्यासक्रम तर आधीपासून आहेच. सगळं एका दमात वाचायला जाऊ नका, वाचून होत नाही आणि वाईट वाटतं ते वेगळंच. मी असं करते, दोन महिने एकच विषय, म्हणजे जून-जुलै फक्त भाषा, मग दोन महिने हाताची बोटं आणि शरीर, मग भावना आणि मैत्री. त्या दोन महिन्यांत वहीत पण तेच बघायचं. नवचेतनात छत्तीस महिन्यांचं कॅलेंडर आहे आणि 140 खेळ आहेत, त्यातला ज्या घरी जायचं त्या बाळाच्या महिन्याचा एकच खेळ निवडायचा, आधी स्वतः करून बघायचा आणि मगच गृहभेटीला न्यायचा. आणि आईला नुसता सांगू नका, तिच्या हातून करून घ्या. बाळानं आवाज काढला की आईनं तसाच आवाज काढायचा आणि थांबायचं, बाळाची पाळी येऊ द्यायची, एवढंच. भाकरी थापताना पण होतं हे. "आरंभ" या लहान बाळांच्या विकासाच्या कार्यक्रमाचं काम आधी आपल्या छत्रपती संभाजीनगर (तेव्हाच्या औरंगाबाद) जिल्ह्यात आणि यवतमाळला झालं होतं, त्यातल्या पालक मेळाव्यात काम केलेली एखादी ताई भेटली तर तिला नक्की विचारा, बापांना बोलवायचं कसं हे त्या ताईंना चांगलं माहीत आहे.

साहित्य विकत आणायच्या मागं लागू नका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढं कोसबाडला, तेव्हा त्यांनी लेकरांच्या आजूबाजूला होतं तेच वापरलं, पानं, खडे, शंख-शिंपले. आपल्याकडं तुरीच्या शेंगा आहेत, सरकी आहे, ज्वारीची कणसं आहेत, चिंचोके आहेत. फक्त तीन वर्षांच्या आतल्या लेकरांच्या हाती चिंचोके, सरकी असलं काही देऊ नका, तोंडात जातं, श्वास अडकतो.

तांड्यावरची लेकरं गोरमाटी (बंजारा बोली) बोलतात, मोहल्ल्यातली दखनी, आणि आपण त्यांना पहिल्या दिवसापासून पुस्तकी मराठी बोलतो आणि मग म्हणतो लेकरू गप्प बसतं. पाणी, भूक, शी-शू, दुखतंय, आई कुठं, ये, असे वीस शब्द त्यांच्या बोलीतले त्यांच्या आयांकडून शिकून घ्या. आठवडाभराचं काम आहे, आणि हे पण शिक्षणच आहे.

मदतनीस ताईला विसरू नका. आपण मोबाईलवर ट्रॅकर भरत बसतो तेव्हा लेकरं तिच्याजवळच असतात ना, मग वहीतलं तिला वाचून दाखवा, तिनं काय बघितलं ते विचारा, ती घराघरातली असल्यामुळं तिला जास्त माहीत असतं.

बीटच्या (एका पर्यवेक्षिकेकडच्या अंगणवाड्यांच्या) मासिक बैठकीत हजेरी आणि अहवालातच वेळ जातो हे खरं आहे. पण पर्यवेक्षिका मॅडमना आधीच सांगून दहा मिनिटं मागून घ्या आणि एकच प्रश्न मांडा, "माझं एक लेकरू चावतं, तुम्ही काय करता?" वीस जणी बसलेल्या असतात, चार तरी उपाय निघतात. लेकराचं नाव मात्र सांगायचं नाही. आणि जमलं तर परवानगी काढून वर्षातून एकदा शेजारच्या गावची अंगणवाडी बघून या.

ज्यांची बारावी झालेली आहे आणि कागदावरचं शिक्षण पण पाहिजे, त्यांनी इग्नूचा बालसंगोपन आणि शिक्षणाचा डिप्लोमा बघा, घरी राहून करता येतो. फी, माध्यम आणि जवळचं केंद्र हे फॉर्म भरायच्या आधी त्यांच्याच वेबसाईटवर तपासा, गल्लीतल्या एजंटला पैसे देऊ नका. परभणीला कृषी विद्यापीठात पूर्वीचं गृहविज्ञान महाविद्यालय आहे, तिथं मानव विकास विभाग आहे, परभणी-हिंगोलीकडच्या तायांनी पर्यवेक्षिकेमार्फत भेट ठरवता येते का ते विचारावं. मोबाईलवर दीक्षा या सरकारी शिक्षण ॲपवर पण कोर्स असतात, रेंज नसेल तर शाळेत किंवा तालुक्याला गेल्यावर डाऊनलोड करून ठेवा. जे सर्टिफिकेट मिळेल ते एका फाईलमध्ये तारखेसकट लावा.

दिवाळीनंतर आमच्या गावातली अर्धी लेकरं ऊसतोडीला जातात. टोळी निघायच्या आधी पोषण ट्रॅकरमध्ये स्थलांतराची नोंद करा म्हणजे तिकडच्या अंगणवाडीत लेकराचं नाव लागतं, आणि वहीतलं त्या लेकराचं एक पान फाडून, काय येतं, कशाला घाबरतं, कोणतं गाणं आवडतं एवढं लिहून, त्याच्या माता-बाल कार्डात घडी करून आईच्या हाती द्या. तिकडची ताई वाचेल.