म्हशाच्या जत्रेला निघालात? मग या चुका टाळा

‘म्हशाची जत्रा’ म्हटलं की ठाण्यातल्या निम्म्या लोकांना म्हशींची जत्रा वाटते. ऑफिसातल्या एकाने तर ‘तिथं दूध स्वस्त मिळेल का रे?’ असं गंभीरपणे विचारलं होतं. म्हसा हे मुरबाड तालुक्यातलं, म्हणजे आपल्याच ठाणे जिल्ह्यातलं गाव. तिथल्या म्हसोबाची, खांबलिंगेश्वराची, यात्रा पौष पौर्णिमेला भरते आणि तिच्या जोडीला जनावरांचा बाजार. बाजार खरा बैलांचा. माझं आजोळ मुरबाडजवळ, राहायला मी कळव्यात. त्यामुळे दर वर्षी पौष जवळ आला की ‘आम्हालाही ने ना’ म्हणणारे दोन-चार जण ठरलेले. त्यांच्या चुका बघून, आणि त्याआधी स्वतः करून, जे शिकलो ते लिहितो.

गेल्या वर्षीची तारीख धरून रजा टाकणे

ही सगळ्यात साधी चूक, आणि ती दर वर्षी कुणीतरी करतंच. यात्रा तिथीवर चालते. 2024 मध्ये पौष पौर्णिमा 25 जानेवारीला होती, 2025 मध्ये 13 जानेवारीला, 2026 मध्ये 3 जानेवारीला. दर वर्षी दहा-बारा दिवस अलीकडे सरकते असा हिशेब मांडून कुणी 2027 साठी डिसेंबरची रजा टाकली, तर फसला. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे पुढची पौष पौर्णिमा उडी मारून 22 जानेवारीला जाते. तेव्हा कालनिर्णय उघडा आणि मग रजेचा अर्ज करा.

आता पौर्णिमेलाच जायचं का? नवस असेल तर जा, इलाज नाही. नुसती यात्रा बघायची असेल तर पौर्णिमेचा दिवस आणि त्यालगतचा रविवार सोडा. यात्रा एका दिवसात उठत नाही. पण फार उशीरही नको, कारण चांगली जनावरं सुरुवातीलाच विकली जातात. आठवड्याने गेलात तर पाळणे आणि भांड्यांची दुकानं दिसतील, दावणी, म्हणजे जनावरं बांधायच्या ओळी, मात्र निम्म्या रिकाम्या.

गाडी खाचरात उतरवणे

मुरबाडला रेल्वे नाही, हे नव्या मुंबईच्या पाहुण्यांना दर वेळी नव्याने सांगावं लागतं. ठाण्याहून लोकलने कल्याण, तिथून एसटीने मुरबाड आणि पुढे म्हसा. स्वतःची गाडी असेल तर शहाड, म्हारळ, कांबा, रायता, गोवेली असा रस्ता. यात्रेच्या दिवसांत शहाडपासूनच गाड्या तुंबतात, म्हणून पहाटे निघा. पनवेल-खारघरकडच्यांनी कल्याणला वळसा घालायचं कारण नाही. म्हसा कर्जत-मुरबाड रस्त्यावरच आहे, तेव्हा कर्जतवरून या.

गाडी लावायची जागा म्हणजे कापणी झालेली भातखाचरं. माझी पहिली फजिती इथेच झाली. ‘इथं लावा’ म्हणणाऱ्या पोराच्या भरवशावर गाडी बांधावरून खाली घेतली. उतरताना काही वाटलं नाही. संध्याकाळी निघताना पुढची चाकं बांध चढली आणि गाडी पोटावर बसली, म्हशीसारखी. चार चाकं असून एकही कामाचं नाही. शेवटी बाजूच्या दावणीवरची सहा-सात माणसं आली आणि त्यांनी उचलून काढली. ‘बैल घ्यायचा होता भाऊ, अशी अडली नसती,’ हे वर ऐकावं लागलं.

तेव्हा खाचरात शिरण्याआधी खाली उतरून बांध पायाने बघा. गाडी आत घालतानाच बाहेरच्या दिशेला तोंड करून लावा. आणि कुणाच्या मळणीच्या खळ्यावर किंवा वालाच्या पिकावर चाक घालू नका. भात निघालं म्हणजे जमीन मोकळी झाली असं नसतं, ओलीवर वाल पेरलेला असतो.

दावणीतून मॉलसारखं फिरणे

शहरातली माणसं सगळ्यात जास्त चुका इथे करतात. मामा म्हणतात, ‘तुमची मंडळी येतात ती राणीच्या बागेत आल्यागत.’ बैल बघायला ठेवलेले नसतात, विकायला आणलेले असतात. दोन-तीन दिवस चालून किंवा टेम्पोत उभे राहून आलेलं जनावर आधीच बिथरलेलं असतं. अनोळखी गोंगाट, अनोळखी वास आणि शेजारच्या दाव्यावर अनोळखी बैल.

बैलाच्या बरोबर मागे उभं राहू नये, हे सगळ्यांना माहीत असतं. तिथलं त्याला दिसत नाही, आणि दिसत नाही तिथे हालचाल झाली की तो लाथ झाडतो. पण बाजूला उभं राहिलं की सुरक्षित, हा समज चुकीचा. गाय-बैल घोड्यासारखे नुसते सरळ मागे मारत नाहीत. पाय पुढे घेऊन बाजूला फिरवतात. मांडीच्या बाजूला उभा असलेला माणूस बरोबर त्या टप्प्यात येतो. मला पोटरीवर बसली होती ती अशीच, सेल्फी घेताना. हाड वाचलं, पण आठ दिवस जिना बसून उतरलो.

जवळ जायचंच असेल तर आधी धन्याला विचारा. मग खांद्याच्या बाजूने, तोंडाने ‘हो हो’ करत, त्याला दिसेल असं जा. हात आधी मानेवर किंवा पोळीवर, म्हणजे मानेखाली लोंबणाऱ्या कातडीवर ठेवा, कपाळावर नाही. कपाळाला हात लावला की बैल मान खाली घालून ढकलतो, त्याला ते टकरीचं आमंत्रण वाटतं. छत्री उघडणं, फुगे, फ्लॅश, पिपाण्या वाजवणारी पोरं, हे सगळं दावणीबाहेर ठेवा. लाल शर्टाची मात्र भीती नको. बैलाला लाल रंग फारसा ओळखू येत नाही, तो बिचकतो ते फडफडण्याला. आणि प्रसादाचा पेढा, केळं, वडापाव बैलाला भरवू नका. प्रेमाने भरवणारे फार असतात. पोट फुगलं की रात्रभर धनी जागतो, तुम्ही घरी झोपलेले असता.

दोन दावणींमध्ये कासरे जमिनीलगत ताणलेले असतात. त्यांवरून उडी मारू नका, वळसा घ्या. बैलाने झटका दिला तर दोर तुमच्या घोट्यातच येतो. चपला नकोत, बूट घाला. शेणाची लाज वाटत असेल तर म्हसा तुमच्यासाठी नाही.

सौद्यात तोंड घालणे

दोन माणसं हातात हात घालून उभी, हातांवर उपरणं किंवा रुमाल, आणि तोंडं मात्र भलतीकडे. कापडाखाली बोटं दाबून भाव चाललेला असतो. किती बोटं धरली यावरून आकडा, आणि तो शेकड्यात आहे की हजारात, ते दोघांना आधीच ठाऊक. एक जण बोट सोडतो, दुसरा मान हलवतो, हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल, दोघांचे हात पुन्हा एकत्र आणतो. आजूबाजूच्या दहा जणांना आकडा कळू नये म्हणून ही सोय. आणि आपला एक मित्र कडेला उभा राहून मोठ्याने विचारतो, ‘काका, कितीला दिला?’ त्या दिवशी तो सौदा माझ्या डोळ्यांसमोर मोडला. रुमाल बाजूला झाला, विकणाऱ्याने कासरा धरला आणि बैल घेऊन चालू लागला. मामांनी माझ्याकडे असं बघितलं की पुढे गावापर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही.

व्हिडिओ काढायचा तर लांबून, आणि चेहऱ्यांवर नको. बघायला मात्र जरूर थांबा. शेवटच्या क्षणी बोटं घट्ट होतात आणि दोघांचीही नजर एकदम सरळ होते, तिथे कळतं.

फार्महाउसची हौस म्हणून जोडी घेणे

मुरबाड-बदलापूरकडे प्लॉट घेतलेले बरेच जण यात्रेत येऊन ‘एक जोडी घेऊन टाकू’ म्हणतात. माझं मत विचाराल तर रोज बघणारा माणूस नसेल तर घेऊ नका. तरी घ्यायचीच असेल तर या गोष्टी चुकवू नका.

रंगाला भुलू नका. शिंगं साळून, तेल लावून, रंगवून आणलेली असतात. साळल्यावर शिंगावरची वलयं जातात आणि म्हातारा बैल तरणा दिसतो. वय दातांवर बघतात. बैलाला वरच्या बाजूला पुढचे दात नसतातच, खालचे आठ. दुधाचे दात असतील तर तो आदत. दोनाच्या पुढे वय गेलं की मधली जोडी पडून मोठे दात येतात, तो दोन दाती. मग चार दाती, सहा दाती, आणि पाचाच्या आसपास आठही आले की जुळला. पुढे दातांच्या झिजेवरून नुसता अंदाज. तोंड उघडायचं काम मात्र स्वतः करू नका, जाणत्याला करू द्या.

उभा बैल देखणाच दिसतो. चालवून बघा, बसवून उठवून बघा. लंगडेपणा वळताना दिसतो. खांद्यावर जोखडाचा घट्टा असेल तर तो कामाचा. घट्टाच नसेल आणि ‘नांगराला पक्का’ म्हणत असतील तर समजून घ्या. तो रवंथ करतोय का, नाकपुडी ओली आहे का, शेण कसं आहे, हेही बघा. लाजू नका, सगळे बघतात.

जात निवडतानाही फसगत होते. पांढराशुभ्र, लांब शिंगांचा खिल्लार बघितला की नजर हटत नाही. बैलगाडा शर्यतींना 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने परवानगी दिली आणि 2023 मध्ये घटनापीठाने ती कायम केली. तेव्हापासून पळणाऱ्या खिल्लाराच्या किमतीला हातच लावता येत नाही. पण तो कमी पावसाच्या माणदेशाकडचा. आपल्याकडच्या चिखलात आणि धो धो पावसात डांगी जातीचा बैल बरा. त्याच्या कातडीला अंगचं तेल सुटतं, पाणी निथळून जातं आणि खूर टणक. मळकट दिसतो म्हणून लोक पुढे जातात, मामा तिथेच थांबतात.

कागद विसरू नका. जून 2024 पासून राज्यात कानातल्या बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही. बिल्ल्यावरचा बारा आकडी नंबर पावतीवर स्वतः ताडून बघा, एक आकडा चुकला तरी पुढे नाक्यावर तुम्हीच उत्तर देणार. नेण्यासाठी पशुवैद्यकाचा दाखला घ्या. टेम्पोवाला ‘दोनात तीन बसवतो’ म्हणाला तर नाही म्हणा. नियमाप्रमाणे एका मोठ्या जनावराला 2 मीटर बाय 1 मीटर जागा लागते. घरी नेल्यावर नवं जनावर जुन्यांत लगेच बांधू नका, दोन-तीन आठवडे वेगळं ठेवा. 2022 मध्ये लम्पी या जनावरांच्या साथीच्या रोगामुळे राज्यभर जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले होते, ते विसरायला फार दिवस झाले नाहीत. लाळ्या-खुरकूत रोगाची लागण तर तुमच्या बुटाच्या शेणातूनही जाते. घरी गाय असेल तर नुसतं फिरून आलात तरी बूट धुऊनच गोठ्यात जा.

देवळात घाई, दुकानात भोळेपणा

दर्शनाची रांग दुपारी सगळ्यात वाईट. पहाटे देवळात जा, मग बाजारात. उलटं केलंत तर शेणाचे पाय घेऊन रांगेत उभे राहाल. पाठीला गळ टोचून नवस फेडणारी माणसं इथे दिसतात. ते बघून तोंड वेडंवाकडं करणारे आणि मोबाइल नाकाशी नेणारे, दोघांनाही गावकरी सुनावतात आणि बरोबर सुनावतात. लहान मुलांना बघवणार नसेल तर आधीच बाजूला न्या.

घोंगडी घ्यायला लोक मुद्दाम म्हशाला येतात, आणि तिथेच ‘शंभर टक्के लोकर’ म्हणून भलतंच गळ्यात पडतं. कडेचा एक धागा ओढून विकणाऱ्यासमोरच काडी लावा. खरी लोकर जळक्या केसांसारखी वास मारते आणि राख बोटात चुरते. प्लास्टिकचा धागा वितळून त्याची कडक गोळी होते. जो धागा ओढू देत नाही, त्याच्याकडून घेऊ नका. हातोली मिठाई मात्र घ्याच. तिला कुठलीही परीक्षा नाही.

अडलंच तर

गर्दीत नेटवर्क मरतं आणि यूपीआय फिरत बसतं, म्हणून सुटे पैसे खिशात हवेत. पोरांच्या खिशात नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. भेटायची जागा ‘पाळण्यापाशी’ ठरवू नका, पाळणे पाच असतात. देवळाची कमान बरी. पोर हरवलं तर स्वतः धावत सुटू नका, एकाने जागेवर थांबा आणि दुसऱ्याने पोलिस चौकी गाठून नाव पुकारायला सांगा. फोन लागला तर 112. शिंग लागलं, कातडी फाटली, तर जखम साबणाच्या पाण्याने धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन त्याच दिवशी घ्या, हळद भरून घरी जाऊ नका. जनावराला काही झालं तर 1962 वर पशुवैद्यकीय मदत मिळते.

आणि एसटीने गेला असाल तर मुरबाडहून कल्याणची शेवटची गाडी किती वाजता, ते सकाळी उतरल्या उतरल्या स्टँडवर विचारून घ्या. संध्याकाळी तमाशाच्या तंबूतून ढोलकी ऐकू आली की कुणालाच वेळ आठवत नाही. एका वर्षी आम्ही तिघे नव्या घोंगडीत स्टँडच्या बाकड्यावर पहाटेपर्यंत बसलो होतो. घोंगडी खरी लोकरीची होती, हे तेव्हाच पक्कं कळलं.