सागाचं थिनिंग झालंय? मग उंचीचा जुना तक्ता बाजूला ठेवा

आजरा, चंदगड, राधानगरीकडं डोंगराकडच्या रानात साग लावलेले लई जण आहेत, घेर टेपनं मोजतात आणि उंची मात्र घेरावरनं तक्त्यात बघून लावतात. थिनिंग (म्हणजे मधली काही झाडं काढून केलेली विरळणी) झालेल्या प्लॉटला हे चालत नाही बघा.

थिनिंगनंतर उरलेल्या झाडाला ऊन-पाणी मोकळं मिळतं, मग ते जाडीला सुटतं, पण उंची वाढायचा वेग फारसा बदलत नाही. म्हणजे घेर सारखाच असला तरी थिनिंगवालं झाड दाट प्लॉटमधल्यापेक्षा बुटकं असतं. अमेरिकेच्या दक्षिणेकडं लॉब्लॉली पाइन नावाच्या झाडाच्या लागवडीत बी हेच दिसतं. तक्ता 17 मीटर म्हणाला आणि झाड 15 चं निघालं तर लाकडाचा अंदाज 13 टक्क्यांनी फुगला की! थिनिंग केल्या केल्या हा फरक नसतो, जाडी वाढंल तसा वर्षागणिक वाढत जातो.

अजून एक गंमत, बारकी झाडं काढली की प्लॉटची सरासरी उंची त्याच दिवशी वाढते, एक झाड बोटभर वाढलेलं नसताना. म्हणून वाढ बघायची तर सरासरी धरूच नका, गुंठ्याला एक, सगळ्यात जाड झाड धरा (हेक्टरी सगळ्यात जाड 100 झाडं धरायचा नियम आहे, तो गुंठ्यात एवढाच होतो).

आता मोजायचं कसं. बारीक, मध्यम, जाड अशी मिळून 15-20 झाडं निवडा, घेर जमिनीपासनं 1.37 मीटरवर घ्या, उतार असेल तर वरच्या अंगाला उभं राहून. मग मोबाईलच्या कोन मोजायच्या ॲपमधनं शेंडा 45 अंशावर दिसेपर्यंत मागं सरका, बुंध्यापासनं तुमच्यापर्यंतचं अंतर अधिक तुमच्या डोळ्याची उंची, झाली झाडाची उंची. 14 मीटर अंतर आणि डोळा 1.5 वर, म्हणजे 15.5. फक्त बुंधा आणि तुमचे पाय एकाच लेव्हलला पाहिजेत, त्यामुळं उतारावर आडवंच सरकायचं. दाट प्लॉटमध्ये बाजूची फांदी शेंडा वाटते आणि उंची जास्त येते, म्हणून उन्हाळ्यात पानं झडल्यावर मोजलेलं बरं.

हे आकडे आलेखाच्या कागदावर मांडा, घेर आडवा, उंची उभी, मधनं हातानं एक वळणदार रेघ काढा आणि बाकीच्या झाडांची उंची त्या रेघेवरनं वाचा. थिनिंगवाल्या आणि बिनथिनिंगच्या प्लॉटचे कागद वेगळे ठेवा, आणि दोन-चार वर्षांनी रेघ परत काढा, जुनी चालत नाही. कललेली झाडं निवडूच नका, ती तुमच्याकडं झुकलेली असली तर उंची उगाच जास्त दाखवतात.