खऱ्या लढायांवर गेम घेताय? मग या चुका टाळा

शहरात शिकायला गेलेली पोट्टी दिवाळीच्या सुटीत गावी येतात, तेव्हा बॅगेत फाशांची थैली आणि कॅरेक्टर शीटचा, म्हणजे पात्रांची माहिती लिहिलेल्या कागदांचा, गठ्ठा असतो. टेबलाभोवती बसून एकेकानं एक पात्र घ्यायचं, गोष्ट खेळायची आणि फाशांवर निकाल लावायचा, असा तो रोलप्ले गेम. ड्रॅगन, एल्फ, जादूगार खेळून झाले की कोणीतरी म्हणतंच, "आता आपल्या इकडचं काही खेळू ना भाऊ." इच्छा रास्त आहे. वऱ्हाडात आणि झाडीपट्टीत इतका इतिहास आहे की आयुष्यभर गेम घेतले तरी संपणार नाही. पण त्यानंतर टेबलावर ज्या चुका होतात त्या ठरलेल्या आहेत. त्याच त्या सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदा लिहून काढतो.

ताजी जखम "भारी सेटिंग" म्हणून उचलणं

नव्या डीएमला, म्हणजे गेम चालवणाऱ्याला, विचारा, कोणता संघर्ष घेतोस? बहुतेक जण "नक्षल" म्हणतात. जंगल, बंदुका, भूसुरुंग, कमांडो, सगळं आयतं मिळतं. १९८० च्या सुमारास नक्षल्यांचे दलम (सशस्त्र गट) प्राणहिता नदी ओलांडून तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात आले, १९९० मध्ये त्यांच्याशी लढायला पोलिसांचं सी-६० पथक उभं राहिलं, २००९ मध्ये मरकेगाव आणि लाहेरी, २०१९ मध्ये जांभूळखेडा इथे पोलीस मारले गेले. ही यादी पोरांना पाठ असते. रात्री घरातून उठवून नेलेली आणि खबरी असल्याच्या संशयावरून मारलेली गावची माणसं मात्र त्या यादीत नसतात.

वैनगंगेच्या काठच्या एका गावात अशाच एका वन-शॉटला (एका बैठकीत संपणाऱ्या गेमला) मी खेळाडू म्हणून बसलो होतो. डीएम इंजिनीअरिंगचा हुशार पोरगा. नकाशा त्यानं मोबाईलवरून काढून प्रिंट केला होता आणि त्यावरची गावांची नावं खरी होती. आम्ही सगळे दलममध्ये. काम एकच, गावातला खबरी शोधायचा. त्यानं टेबलावर तीन कार्डं मांडली: पोलीस पाटील, किराणा दुकानदार आणि तेंदूपत्त्याच्या फळीवरचा (पानं गोळा करायच्या जागेवरचा) मुन्शी. म्हणाला, "इनसाइट रोल करा. बारा किंवा जास्त आलं तर कळेल कोण ते." पहिल्याला सात आले. दुसरा म्हणाला, "तिघायलेही उडवून टाकू बे, टाइम जाऊन राह्यला." सगळे हसले.

एटापल्लीकडचा एक मुलगा तोवर गप्प बसून होता. त्यानं हात लांब करून मुन्शीचं कार्ड उचललं आणि पालथं घातलं. "दादा, या गावात माझ्या आत्याचं घर आहे. तिच्या घरच्या माणसाले असंच नेलं होतं." डीएम गोंधळला आणि म्हणाला, "अरे गेम आहे हा, पर्सनली नको घेऊ." तो मुलगा आपले फासे थैलीत भरून निघून गेला. तो ग्रुप पुन्हा कधी बसला नाही.

डीएम वाईट पोरगा नव्हता. पण "पर्सनली नको घेऊ" हे वाक्य ज्याच्या तोंडी येऊ शकतं, त्यानं असा विषय हातात घेऊच नये. ज्या गावात लोकांना नुसत्या संशयानं मारलं गेलं, त्या गावाच्या नावावर त्यानं संशयाला बाराचा आकडा लावला होता. तिथे बसलेल्या कोणाच्या घरी काय घडलंय, हे त्यानं विचारलंच नव्हतं.

माझा नेम सांगतो. ज्या संघर्षात मेलेल्यांच्या तेरवीला जेवलेली माणसं पंचक्रोशीत आहेत, तो संघर्ष मी वन-शॉटला घेत नाही. लांबच्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक बैठका चालणाऱ्या गेममध्ये, घ्यायचाच झाला तर प्रत्येक खेळाडूला वेगवेगळा फोन करतो. ग्रुपवर विचारायचं नाही, तिथे सगळे अंगठा दाखवून मोकळे होतात. फोनवर "हा विषय चालेल का" एवढंच विचारून भागत नाही. "यातलं काय नको" हे विचारावं लागतं आणि उत्तर येईपर्यंत थांबावं लागतं. गाव काल्पनिक घेतो, आडनावंसुद्धा त्या भागातली घेत नाही.

टेबलाच्या मधोमध एक्स-कार्ड ठेवायची पद्धत चांगली आहे. कोणीही त्यावर बोट ठेवलं की प्रसंग तिथेच थांबतो, कारण विचारायचं नाही. पण आपल्याकडे मोठ्या भावाच्या वयाची माणसं टेबलावर असली की लहान पोरगा त्या कार्डाकडे हात नेत नाही. म्हणून कार्ड ठेवलं तरी फोन चुकवू नका.

दोन रंगांची लढाई

दुसरी चूक जुन्या लढायांमध्ये होते. अडगाव आणि गाविलगड, १८०३. एका बाजूला मराठे, दुसऱ्या बाजूला इंग्रज, चला लढू. असा गेम तासाभरात कंटाळवाणा होतो, कारण दोन्ही बाजूंना रंग फासलेले असतात आणि माणसं नसतात.

खरी परिस्थिती बघा. इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेत मोठा भरणा मद्रासकडच्या शिपायांचा होता, सोबत म्हैसूरचे घोडेस्वार होते आणि त्याच्या जोडीचा कर्नल स्टीव्हन्सन याचं सैन्य निजामाच्या मदतीचं म्हणून होतं. नागपूरच्या भोसल्यांकडे अरब होते. गाविलगडचा किल्लेदार बेनीसिंग रजपूत होता. वऱ्हाडच्या रयतेला तर निजाम आणि भोसले या दोघांचाही वसूल भरावा लागे. अशा वेळी अचलपूरजवळच्या एखाद्या देशमुखानं कोणाची बाजू घ्यावी? हा प्रश्न खेळाडूंपुढे टाका आणि गप्प बसा, सेशन आपोआप चालेल.

मी हा गेम घेतो तेव्हा खेळाडूंना शिपाई करतच नाही, बंजारे करतो. त्या काळात फौजांना धान्य पुरवणारे तांडे त्यांचेच असत. २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई झाली, त्यानंतर स्टीव्हन्सननं जड तोफा मेळघाटच्या डोंगरातून वळसा घालून गाविलगडाच्या उत्तरेला ओढत नेल्या आणि १५ डिसेंबरला किल्ला पडला. मी खेळवतो ती ही तोफा ओढण्याची चढण. टेबलावर परात ठेवतो, त्यात ज्वारीचे दाणे. प्रत्येक मुक्कामाला मूठभर काढून घेतो. ज्याला बैल वाचवायचे आहेत त्यानं स्वतःच्या वाट्यातून दाणे टाकायचे. तिसऱ्या मुक्कामाला परातीचा तळ दिसू लागला की पोरं फासे सोडून आपसात भांडू लागतात. एखादा म्हणतो, कोरकूंच्या ढाण्यातून (वस्तीतून) धान्य आणू. कसं आणणार, मागून की हिसकावून? मी दोन्हींचे परिणाम आधीच लिहून ठेवलेले असतात.

हिट पॉइंटचा, म्हणजे पात्रात किती जीव उरलाय त्या आकड्याचा, हिशेबही इथे बदलावा लागतो. नेहमीच्या गेममध्ये माणूस शून्यावर येईपर्यंत लढत राहतो. अडगावला मात्र तोफा सुरू होताच वेलस्लीच्या तीन पलटणी मागे पळाल्या. दोनच महिन्यांपूर्वी असईला उभे राहिलेले लोक होते ते. वेलस्लीनं त्यांना थांबवून पुन्हा रांगेत आणलं. म्हणून माझ्याकडे पहिला तोफगोळा पडला की आधी धीराचा रोल आणि मग बाकीचं. "माझा फायटर घाबरत नाही" असं म्हणणाऱ्याला मी ही गोष्ट सांगतो.

थोडक्यात सांगून टाकण्यासारख्या चुका

दुसऱ्या महायुद्धाचा तयार सिनॅरिओ डाउनलोड करून त्यात "जर्मन" खोडून "इंग्रज" लिहिणं. मला या शॉर्टकटचा मनापासून राग येतो. त्या गेममधले रस्ते, हत्यारं, हुकूम पोचायला लागणारा वेळ, सगळं वेगळं असतं आणि खेळणाऱ्याला ते दहा मिनिटांत कळतं.

व्हॉट्सअॅपवर आलेला इतिहास. जिल्हा गॅझेटियर उघडा. कंटाळा आला तरी वाचा.

गोंड किंवा कोरकू पात्राला मोडकं मराठी बोलायला लावणं. हे बंद करा. ते त्यांच्या भाषेत अस्खलित बोलतात, तुम्हीही त्यांचे संवाद सरळ मराठीत बोला.

पहिलाच गेम आणि त्यात "पूर्ण १८५७". धीर नसलेल्या नवख्यांची ही खूण आहे. मेरठ, दिल्ली, झाशी, सगळं हवं असतं आणि दुसऱ्या सेशनला कोणी येत नाही. एक गाव घ्या, एक आठवडा घ्या.

शेवट लपवून ठेवणं. चांद्याकडे इंग्रजांविरुद्ध उठलेले गोंड जमीनदार बाबुराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चंद्रपूरच्या तुरुंगात फाशी दिली. हे खेळाडूंना पहिल्याच मिनिटाला सांगा. नाहीतर सगळा गेम त्यांना सोडवायच्या बेतात जातो आणि सोडवलं तर त्यांच्या मरणाची किंमत राहत नाही. शेवट ठाऊक असला की खेळाडू आपल्या पात्राकडे वळतात: निरोप कोण पोचवणार, कोण फितणार, मागे राहिलेल्या घरांना कोण सांभाळणार.

आणि चंद्रपूर जिल्ह्यातलं चिमूर. १६ ऑगस्ट १९४२, चले जाव चळवळ, नागपंचमीचा दिवस. ठाण्यावरचा हल्ला आणि जाळपोळ यावर सगळ्यांना गेम घ्यायचा असतो. त्यानंतर गावात फौज आली आणि बायकांवर अत्याचार झाले. त्या अत्याचारांच्या चौकशीसाठी गांधीजींचे सहकारी प्राध्यापक भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केलं. हे अत्याचार टेबलावर दाखवायचे नाहीत, वर्णन करायचं नाही, त्यावर रोल तर मुळीच नाही. पण म्हणून ते झालेच नाहीत असंही खेळायचं नाही. मी गेम दोन महिने पुढे सरकवतो. खेळाडू गावात हकिकती गोळा करायला आलेले कार्यकर्ते असतात. दारं बंद असतात, बोलणारं माणूस पहिल्या भेटीत बोलत नाही, परतीच्या वाटेवर कागद पोलिसांपासून लपवायचे असतात. आष्टी-चिमूरच्या फाशीच्या कैद्यांसाठी काँग्रेसच्या अनसूयाबाई काळे यांनी जी धडपड केली, तीही अशा गेमच्या पुढच्या भागात घेता येते. बंदूक एकदाही चालत नाही, तरी कोणी मोबाईल बघत नाही.

शेवटची चूक वेळेची. सेशन एसटीच्या वेळेपर्यंत ताणायचं आणि मग पळापळ. असा गेम संपल्यावर निदान अर्धा तास राखून ठेवा, कॅरेक्टर शीट गोळा करा, चहा ठेवा आणि प्रत्येकाला विचारा, कुठे जड गेलं. जो काहीच बोलला नाही, त्याला दुसऱ्या दिवशी फोन करा.