कुणगा किती गुंठ्यांचा? कोकणात सर्व्हेसाठी प्लॉट मोजायच्या पद्धती

भाताच्या सर्व्हेला कुडाळ-सावंतवाडी बाजूला फिरताना मी एका काकांना विचारलं, हा तुकडा किती गुंठे असेल, तर ते म्हणाले "दोन पायलीचो कुणगो आसा". कुणगा म्हणजे बांध घातलेला भाताचा तुकडा आणि पायली म्हणजे धान्य मोजायचं जुनं माप, तर दोन पायली बियाणं लागतं एवढा तुकडा. त्यांच्या दृष्टीने हे अगदी पक्कं माप आहे, पण फॉर्ममध्ये रकाना असतो हेक्टर-आरचा, आणि तिथेच सगळी गडबड सुरू होते कारण सर्व्हेवाला मनानेच काहीतरी आकडा टाकून मोकळा होतो. कृषीचे विद्यार्थी, संस्थेचे कार्यकर्ते, नाहीतर स्वतःचा उतारा (म्हणजे एवढ्या जागेत पीक किती आलं ते) नीट काढू बघणारे शेतकरी, अशा सगळ्यांसाठी हे लिहितोय.

आधी मापं पक्की करा. 33 फूट बाय 33 फूट म्हणजे 1089 चौरस फूट म्हणजे 1 गुंठा, 40 गुंठे म्हणजे 1 एकर. 1 आर म्हणजे 100 चौरस मीटर आणि 100 आर म्हणजे 1 हेक्टर. गुंठा भरतो 101 चौरस मीटरच्या थोडा वर, त्यामुळे गुंठा आणि आर जवळपास सारखेच धरले तरी चालतं, पण एकर आणि हेक्टरची सरमिसळ झाली की आकडा अडीच पट चुकतो (1 हेक्टर म्हणजे 2.47 एकर) आणि हे मी भरलेल्या फॉर्मांत कितीदा तरी बघितलंय.

आता सातबारा. बरेच जण सातबाऱ्यावरचं क्षेत्र सरळ उतरवून घेतात, तसं करू नका. सातबारा मालकी हक्काचा आणि अख्ख्या हिश्शाचा असतो, आपल्याकडे एका हिश्श्यावर आठ-दहा नावं असतात, त्यातले अर्धे मुंबईला, आणि प्रत्यक्षात एकच भाऊ चार कुणगे लावतो. शिवाय त्यात पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारा भाग, वेगळा. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी ॲपवर शेतकरी स्वतः पिकाची नोंद करतो, तिथेही पिकाखालचं क्षेत्र बऱ्याचदा सातबारा बघूनच टाकलं जातं. नोंद म्हणून ते ठीक आहे पण उतारा काढायचा असेल तर यंदा नांगरलेला, लावलेला तुकडाच मोजायला हवा.

शेतकऱ्याला विचारणं ही सगळ्यात स्वस्त पद्धत, आणि ती टाकाऊ नाही हे आधी सांगतो. पण ती कशी चुकते ते माहीत पाहिजे. वर्ल्ड बँकेच्या लोकांनी इथिओपिया, नायजेरिया आणि टांझानियात झांझिबारला एकच प्लॉट तीन तऱ्हांनी मोजून बघितला, शेतकऱ्याचा अंदाज, जीपीएस आणि होकायंत्र-दोरी. त्यात दिसलं की छोटा तुकडा शेतकरी मोठा सांगतो आणि मोठा तुकडा लहान सांगतो. आपल्याकडे तर बहुतेक तुकडे छोटेच, म्हणजे क्षेत्र फुगणार आणि गुंठ्यामागे उतारा आहे त्यापेक्षा कमी दिसणार. आणि आकडा गोल करायची सवय असतेच, पावणेचार गुंठ्यांना सगळे चारच म्हणतात. म्हणून दोन गोष्टी करा, एक म्हणजे विचारायचं ते मोजायच्या आधी, कारण तुम्ही मोबाईल घेऊन फिरून आलात की काका तुमचाच आकडा तुम्हाला परत सांगतात, आणि दुसरं म्हणजे त्यांच्या मापात विचारा, पायली तर पायली, आणि तसंच लिहून घ्या, गुंठे नंतर घरी बसून करता येतात.

होकायंत्र आणि दोरी ही जुनी खात्रीची पद्धत, बाकीच्या पद्धती याच्यावरच ताडून बघतात. प्रत्येक कोपऱ्यावर काठी रोवायची, एका काठीवरून पुढच्या काठीची दिशा अंशात घ्यायची, मधलं अंतर मोजायचं, असं फिरत पहिल्या काठीशी परत यायचं. कागदावर आकृती काढली की शेवटचा बिंदू पहिल्यावर बसला पाहिजे, जेवढी फट राहील तिला एकूण परिघाने भागा, 5 टक्क्यांच्या वर गेली तर परत मोजा. स्वतःची चूक स्वतःच दाखवणारी पद्धत आहे ही, म्हणून मला आवडते. दोन सूचना मात्र अगदी महत्त्वाच्या. नायलॉनची दोरी भिजली, ताणली की लांबते, त्यापेक्षा 30 मीटरची फायबरची टेप घ्या. आणि कमरेला आकडीत कोयता अडकवलेला माणूस होकायंत्राजवळ उभा करू नका, लोखंडाने सुई हलते. माझी एकदा फट काही केल्या बसेना, तिसऱ्या फेरीला लक्षात आलं की दर कोपऱ्यावर मदतीला येणारा दादा कोयता घेऊनच माझ्या खांद्याशी उभा राहायचा.

होकायंत्र नसेल तर नुसत्या टेपवरही छान काम होतं, आणि छोट्या कुणग्यासाठी मी हेच करा म्हणेन. पण बरेच जण समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार करतात तसं नको. समजा बाजू 14, 9, 12 आणि 10 मीटर आहेत. सरासरीने 13 गुणिले 9.5 म्हणजे 123.5 चौरस मीटर येतं. आता 14 आणि 9 च्या बाजू जिथून सुरू होऊन जिथे संपतात तो कर्ण मोजा, तो 19 मीटर निघाला तर तुकड्याचे दोन त्रिकोण झाले, एक 14-9-19 चा आणि दुसरा 19-12-10 चा. शाळेतलं हीरोचं सूत्र लावा (तिन्ही बाजूंच्या बेरजेचं अर्धं काढायचं, त्यातून एकेक बाजू वजा करायची, या चारही आकड्यांचा गुणाकार करून वर्गमूळ), तर 59.4 आणि 52.4, मिळून साधारण 112 येतं. म्हणजे सरासरीवाला दहा टक्क्यांनी जास्त बोलला, फक्त एक कर्ण मोजायचा आळस केला म्हणून. कोकणातले कुणगे डोंगराच्या वळणाने काढलेले असतात, काटकोन कुठेच नसतो. एखादी बाजू गोल वळत असेल तर तिथे आणखी एक-दोन खुंट्या मारून आणखी त्रिकोण पाडा.

जीपीएसचं सांगायचं तर वेळ खूप वाचतो. इथिओपियात होकायंत्र-दोरीला जीपीएसच्या साधारण चौपट वेळ लागला होता, आणि सरासरी आकडे मात्र जवळजवळ सारखे. हँडहेल्ड मशीन असो की मोबाईलचं ॲप, रीत एकच. उघड्यावर दोन-चार मिनिटं थांबून सिग्नल स्थिर होऊ द्या, कोपऱ्यावर खूण करा, कडेकडेने सावकाश चाला, प्रत्येक कोपऱ्यावर पाच-दहा सेकंद थांबा, खुणेपाशीच बंद करा, मग उलट्या दिशेने आणखी एक फेरी मारा आणि दोघांची सरासरी घ्या. मोबाईलची जागा तीन ते पाच मीटर चुकते म्हणून लोक घाबरतात, पण थोड्या वेळात मारलेल्या फेरीत अख्खी आकृतीच एका बाजूला सरकते, त्यामुळे क्षेत्रफळ तितकं चुकत नाही. तरीही तीन-चार गुंठ्यांखाली मी टेपवरच भरवसा ठेवतो. आणि ॲपचं सेटिंग चौरस मीटरवर ठेवा, हेक्टरमध्ये दोन दशांश स्थळं असली तर 1.4 गुंठ्यांचा कुणगा 0.01 हेक्टर म्हणूनच सेव्ह होतो.

ढगांनी जीपीएसला फारसं काही होत नाही, झाडांनी होतं. माडा-पोफळीच्या बागेत किंवा जुन्या आंब्यांखाली रेघ वेडीवाकडी पळते, तिथे गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) बाहेरून चालता येतं का बघा. हापूसच्या बागेला आणखी एक पडताळा आहे, कलमं 10 बाय 10 मीटरवर लावलेली असतील तर एका कलमाला एक आर, हेक्टरी 100 कलमं. कलमं मोजा आणि जीपीएसशी ताडून बघा, फार फरक आला तर फेरी चुकली किंवा अंतर दहाचं नाही.

डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत, नाचणी-वरीच्या तुकड्यात, टेप जमिनीवर टाकून मोजू नका. 30 अंशाच्या उतारावर जमिनीवरून 10 मीटर मोजलं तर नकाशावर ते 8.7 मीटरच असतं. टेप आडवी सपाट धरून टप्प्याटप्प्याने खाली उतरा. जीपीएस सपाट क्षेत्रच देतो, म्हणून उतारावर तो सोपा.

सॅटेलाईट फोटोवर रेघ ओढायची पद्धत मोठ्या मळ्यांना बरी, भात कापल्यानंतरचा फोटो निवडा म्हणजे बांध दिसतात, नाहीतर भातही हिरवं आणि बांधावरचं गवतही हिरवं. झाडांखालचं काहीच दिसत नाही.

आता सगळ्यात मोठी गोष्ट, जिच्यावर मी पहिल्या वर्षी अख्ख्या हंगामाचं काम वाया घालवलं. बांध, म्हणजे आपली मेर, तिच्या कुठल्या कडेने चाललात? मी काही ठिकाणी आतून, काही ठिकाणी बाहेरून चाललो होतो आणि कुठे काय केलं ते लिहिलंच नव्हतं. एक 10 बाय 10 मीटरचा कुणगा घ्या, मापं बांधाच्या मध्यापासून मध्यापर्यंतची, आणि बांध 60 सेंटिमीटर रुंद. आतल्या कडेने 88 चौरस मीटर येतं, बाहेरच्या कडेने 112. तिथे 30 किलो भात झालं तर आतल्या मापाने हेक्टरी 34 क्विंटल आणि बाहेरच्या मापाने 27 क्विंटल, शेत तेच, भात तेच! मशीन कितीही भारी घ्या, एवढी चूक मशीनची नसते. उतारा काढायचा असेल तर आतल्या कडेने चाला, चिखल लागला तरी चालेल, जमीन किती व्यापली हे हवं असेल तर मध्यातून चाला, पण सर्व्हेतल्या सगळ्यांनी एकच ठरवा आणि ते कामाला निघायच्या आधी ठरवा.

फॉर्मवर क्षेत्रफळाच्या शेजारी पद्धत, कुठल्या कडेने, किती फेऱ्या, डोक्यावर झाडं होती का, आणि शेतकऱ्याने स्वतः काय सांगितलं होतं, एवढं लिहायला एक मिनिट पण लागत नाही. आणि दर दहा-पंधरा प्लॉटमागे एक प्लॉट टेपने पुन्हा मोजा, शक्यतो दुसऱ्या माणसाकडून, पहिला आकडा त्याला न सांगता.