टॅप्सी सतराच्या वर, म्हणजे उजवी बाजू ठीक? इकोतल्या या चुका टाळा

इको (हृदयाची सोनोग्राफी) शिकायला येणारी मुलं हृदयाच्या डाव्या बाजूवर जीव ओततात. ईएफ (डावा कप्पा दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर टाकतो) दोनदा काढतील, झडपांचे फोटो देखणे काढतील. उजव्या बाजूच्या वाट्याला येतं ते उरलेलं अर्धं मिनिट. एम-मोडची (एका रेषेवरची हालचाल दाखवणारी) रेघ टाकली, टॅप्सी (उजव्या बाजूच्या झडपेची कडा किती हलते ते) १७ मिलिमीटरच्या वर आली, 'आरव्ही (उजवा खालचा कप्पा) फंक्शन नॉर्मल' टाइप केलं की पुढचा पेशंट आत. धुळे-जळगावच्या ओपीडीतली गर्दी मला नवी नाही. पण आपल्याकडे येतं कोण? चुलीच्या धुरात आयुष्य गेलेली आजी, विडी न सुटलेले आबा, संधिवाताच्या तापाने झडप आक्रसलेली बाई, सातपुड्याच्या पट्ट्यातून आलेला सिकलसेलचा तरुण. यांच्यात आधी उजवी बाजूच थकते.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे एका आकड्यावर निकाल देणं. टॅप्सी फक्त ट्रायकस्पिड (उजव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या) झडपेच्या कडेची उभी हालचाल मोजते. उजवा कप्पा डाव्याला कवटाळून बसलेला, आकाराने वेडावाकडा. त्याची बाहेरची भिंत आडवी आत येते ती टॅप्सीला दिसत नाही.

चोपड्याकडची एक ताई आली होती. मायट्रल (डाव्या बाजूची) झडप बदलून काही महिने झालेले. दुसरीकडे केलेल्या इकोवर ठळक अक्षरात: टॅप्सी १२, सिव्हिअर आरव्ही डिसफंक्शन. घरात रडारड. नवऱ्याने मुंबईला न्यायची तयारी केलेली, केळीच्या पैशांवर उचलही घेतलेली. आणि ही बाई जिना चढून वर आली, न धापता खुर्चीत बसली आणि म्हणाली, "माले काहीच व्हत नही, डॉक्टर." पायाला सूज नाही, मानेची शीर फुगलेली नाही. इकोत कप्प्याचा आकार नॉर्मल, आयव्हीसी (पोटाकडून हृदयात येणारी मोठी शीर) बारीक आणि श्वासाबरोबर नीट मिटणारी, एफएसी (ठोक्यात कप्प्याचं क्षेत्रफळ किती आकसतं) ४३ टक्के. ३५ च्या खाली गेली तर काळजी.

हृदयाच्या ऑपरेशनमध्ये पेरिकार्डियम (हृदयाभोवतीचं आवरण) उघडल्यावर उभी हालचाल कमी होते आणि पुष्कळदा तशीच राहते. कप्प्याचं एकूण काम मात्र शाबूत असू शकतं. टिश्यू डॉपलरचा एस-प्राइमही (त्याच कडेच्या हालचालीचा वेग) अशा वेळी सेकंदाला ९.५ सेंटिमीटरच्या खाली येतो, कारण तोही तीच उभी हालचाल मोजतो. दोन आकडे जुळले म्हणून खात्री पटवून घेऊ नका. दोघे एकच गोष्ट सांगताहेत. रिपोर्ट लिहिणाऱ्याने छातीवरच्या टाक्यांची खूण पाहिली असती तरी भागलं असतं. मी प्रोब (छातीवर धरायचा इकोचा भाग) ठेवण्याआधी ती खूण बघतो, मग बोलतो.

याची उलटी बाजू जास्त धोक्याची. ट्रायकस्पिड झडप पार उघडी पडून गळत असेल तर कप्प्याला रक्त मागे ढकलणं सोपं जातं आणि टॅप्सी २० दिसते. प्रेशर ज्यावरून काढतात तो गळतीचा वेगही कमी भरतो, म्हणून 'प्रेशर नाही' असं लिहून मोकळे होतात. पेशंटचे पाय सुजलेले, पोट पाण्याने भरलेलं, आणि रिपोर्ट म्हणे नॉर्मल!

टॅप्सी प्रेशरच्या शेजारी ठेवूनच वाचा. फुप्फुसाच्या धमनीतलं प्रेशर २५ (मिलिमीटर पारा) असताना १८ ची टॅप्सी ठीक. प्रेशर ६० असेल तर तीच १८ म्हणजे टॅप्सी भागिले प्रेशर हे गुणोत्तर ०.३, आणि ०.५५ च्या खाली कान टवकारायचे.

दुसरी आवडती चूक म्हणजे तिरकी रेघ. कडा ज्या दिशेने हलते त्याच दिशेने रेघ हवी. कोन ३० अंशांचा झाला की २० मिलिमीटरची हालचाल साधारण १७ भरते, म्हणजे धडधाकट माणूस सीमेवर येऊन बसतो. "जाऊ दे ना भो, अंदाज तर आला" हे मी रोज ऐकतो. अंदाजच घ्यायचा तर मशीन कशाला? पेशंटला नीट डाव्या कुशीवर वळवा, प्रोब थोडा बाहेर सरकवा, डाव्या कप्प्याचं टोक मधोमध ठेवून उजवा कप्पा पूर्ण रुंद दिसेपर्यंत फिरवा. कप्प्याच्या बुडाशी रुंदीची ४१ मिलिमीटरची मर्यादा याच दृश्यासाठी आहे. नेहमीच्या चार कप्प्यांच्या दृश्यात प्रोब जरा फिरला की कप्पा लहान-मोठा होतो.

बाकीचं थोडक्यात. एफएसी काढताना आतले स्नायूंचे धागे पोकळीतच धरा. एट्रियल फिब्रिलेशन (ठोके अनियमित पडण्याचा आजार) असेल तर एका ठोक्यावर भागवू नका. मी पाच घेतो. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटची आयव्हीसी बघून उजव्या एट्रियमचं (वरच्या कप्प्याचं) प्रेशर ठोकून देऊ नका. सिकलसेलच्या मोठ्या माणसात ट्रायकस्पिड गळतीचा वेग सेकंदाला २.५ मीटरलाच दखल घ्या, २.८ ची वाट पाहू नका.

हल्ली नव्या पोरांना स्ट्रेनचं (भिंत किती टक्के आकसते ते मोजणारं) बटण सापडलंय. मशीन रंगीत वक्र काढून देतं, म्हणून खरं वाटतं. आधी बघा, त्याने डाव्या-उजव्या कप्प्यांमधला पडदा धरलाय की फक्त बाहेरची भिंत. उणे २० टक्क्यांची रेषा बाहेरच्या भिंतीसाठी आहे. पडदा मिसळला की आकडा घसरतो. दम्याच्या फुगलेल्या छातीत ती भिंत धड दिसतही नाही आणि मशीन तरी आकडा देतंच. तिथे मी बरगडीखालून बघतो, स्ट्रेनच्या रकान्यात 'विंडो खराब' लिहितो, आणि निर्णय त्यावरच अडला असेल तर एमआरआयला पाठवतो.