पोर्सलिनच्या दिव्यासाठी माती घेताय? सोलापूरकरांनो, या चुका टाळा

भट्टी उघडली, दिवा पांढराशुभ्र निघाला, आत बल्ब लावला. आणि उजेड फक्त वरच्या तोंडातून. भिंत ठार बंद. अशा वेळी सगळा दोष जाडीच्या माथी मारला जातो. जाडी महत्त्वाची आहेच, पण एका मातीची तीन मिलिमीटरची भिंत उजळते आणि दुसरीची दोन मिलिमीटरचीही उजळत नाही.

पोर्सलिनमधला फेल्डस्पार (एक खनिज) भट्टीत वितळून काचेसारखा होतो आणि कणांमधल्या फटी भरून काढतो. फटी नीट भरल्या तर उजेड आरपार येतो. हवेची छिद्रं किंवा क्वार्ट्झचे कण उरले तर तो विखुरतो, आणि मातीत लोह-टायटॅनियम असेल तर तिथेच गिळला जातो. माती निवडायची ती हे लक्षात ठेवून.

'चिनी माती' मागितली, चिनी मातीच मिळाली

घाऊक दुकानात 'चायना क्ले' म्हणून जी पांढरी पूड मिळते ती निव्वळ केओलिन असते. रंगाच्या आणि कागदाच्या कारखान्यांत जाते तीच. एकट्या केओलिनला १३०० अंशांवरही घाम फुटत नाही. ती खडूसारखी सच्छिद्र राहते. पोर्सलिन म्हणजे ढोबळमानाने निम्मं केओलिन, पाव हिस्सा फेल्डस्पार आणि पाव हिस्सा क्वार्ट्झ. उजेड पार जाणाऱ्या मातीत फेल्डस्पारचं प्रमाण बऱ्याचदा थोडं चढं असतं. सुरुवातीला घरी मिश्रण करायच्या फंदात पडू नका, तयार मळलेली माती घ्या.

'पांढरी माती' या नावाखाली पांढरं स्टोनवेअरही (घट्ट भाजणारी, पण उजेड अडवणारी माती) खपवलं जातं. त्यात लवचीकपणासाठी बॉल क्ले असते, आणि बॉल क्लेसोबत लोह-टायटॅनियम येतंच. म्हणून विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा: कोणत्या कोनला पिकते (कोन म्हणजे ठरावीक उष्णतेला वाकणारा, भट्टीत ठेवायचा क्रमांकाचा छोटा शंकू), एकूण आकुंचन किती टक्के, आणि पिकल्यावर पाणी किती शोषते. शोषण अर्ध्या टक्क्याच्या आत हवं. आकडे न सांगता 'एकदम ट्रान्सलुसंट आहे' एवढंच म्हणणाऱ्याकडून नमुन्याला एक किलोच घ्या.

इंटरनेटवर 'कोल्ड पोर्सलिन' दिसलं तर पुढे सरका. ते कॉर्नफ्लॉवर आणि गोंदाचं असतं, भट्टीत जळून जाईल.

भट्टी न बघता माती

आधी भट्टी, मग माती. बाजारात मुख्यतः दोन जाती मिळतात: कोन ६ (सुमारे १२२०–१२४० अंश सेल्सिअस) आणि कोन १० (सुमारे १२८०–१३००). कोन १० ची माती कोन ६ ला भाजली तर ती कच्ची, अपारदर्शक राहते. पातळ केली तरी उजळत नाही. उलटं केलं तर माती फुगते, लोळते आणि भट्टीच्या शेल्फला चिकटून बसते.

यात व्होल्टेजची मेख आहे. विजेच्या भट्टीची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० ऐवजी २०० व्होल्ट मिळाले तर ताकद जवळपास पाव हिस्सा कमी होते. एप्रिल-मेच्या संध्याकाळी घरोघरी कूलर सुरू झाल्यावर शेवटचे शंभर अंश रेंगाळत असतील, तर भाजणीचा शेवटचा टप्पा उशिरा रात्री येईल असं वेळापत्रक लावा. कंट्रोलरचा आकडा फक्त तापमान सांगतो. मातीने एकूण किती उष्णता खाल्ली ते सांगतो पायरोमेट्रिक कोन. कोन ६ ची माती असेल तर प्रत्येक भाजणीत कोन ५, ६ आणि ७ शेजारी शेजारी ठेवा. ६ वाकला आणि ७ जेमतेम झुकला, तर भाजणी बरोबर.

जी सर्वात जास्त उजळते, तीच सर्वात आधी बसते

फेल्डस्पार जास्त म्हणजे भट्टीत माती मऊ पडणार. सरळ उभा नळकांडी दिवा निभावतो, पसरट वाटी किंवा रुंद घुमट कडेने खाली लोळतो. घुमटासाठी थोडी कमी उजळणारी माती घेतलेली परवडते. रुंद आकारच हवा असेल तर त्याच मातीची आधार-चकती करून तिच्यावर भाजा, म्हणजे दोघं एकत्र आकसतील. मध्ये ॲल्युमिना हायड्रेटचा हलका थर द्या, नाहीतर दिवा आणि चकती जन्मभराचे सोबती होतील.

बोन चायना सर्वांत सुंदर उजळते, हे खरं. तिच्यात साधारण निम्मी हाडांची राख असते आणि पिकण्याची तापमान-मर्यादा फार अरुंद असते. भट्टीवर हात बसेपर्यंत तिच्या नादी लागू नका.

होल्डर बसेना

ही चूक सगळ्यात जास्त होते, आणि भाजल्यानंतर तिला इलाज नाही. समजा होल्डरसाठी ४० मिलिमीटरचं भोक हवं आणि मातीचं आकुंचन १४ टक्के आहे. बहुतेक जण ४० मध्ये १४ टक्के मिळवून ४५.६ चं भोक पाडतात. आकुंचन मात्र ओल्या मापावर चालतं, म्हणून भाजल्यावर हातात येतं ३९.२. बरोबर हिशोब भागाकाराचा: ४० भागिले ०.८६, म्हणजे ४६.५ मिलिमीटर. वर एक-दीड मिलिमीटर सैल ठेवा.

पाकिटावरचा आकडाही आंधळेपणाने घेऊ नका. मातीच्या पट्टीवर बरोबर १०० मिलिमीटरची रेघ ओढा, आपल्या भट्टीत भाजा, पुन्हा मोजा. रेघ जितकी कमी भरेल तितके टक्के आकुंचन.

बोअरचं पाणी आणि सोलापूरचं ऊन

साच्यात ओतायची स्लिप (पातळ कालवलेली माती) बोअरच्या पाण्यात कालवू नका. भांड्यांवर पांढरे डाग ठेवणारं हेच पाणी स्लिपही बिघडवतं: त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे मातीचे कण एकमेकांना धरतात आणि स्लिप दह्यासारखी घट्ट होते. मग माणूस आणखी पाणी ओततो, आकुंचन वाढतं आणि भांडं साच्यातच तडकतं. आरओचं पाणी वापरा. गाळून आलेलं, बाजूच्या नळीतून वाहून जाणारं नव्हे. स्लिप वाहती ठेवणारं सोडियम सिलिकेट कोरड्या मातीच्या ०.३ ते ०.४ टक्के, म्हणजे दहा किलोला ३० ते ४० ग्रॅम, आणि तेही थोडं थोडं. १०० मिलिलीटर स्लिपचं वजन १७५ ते १८० ग्रॅम भरलं पाहिजे. वजन बरोबर असूनही घट्ट वाटली तर सिलिकेटचे थेंब वाढवा, पाणी नाही.

उन्हाळ्यात कड तासाभरात वाळते आणि तळ ओला राहतो. तड तिथूनच जाते. दिवा पातळ प्लॅस्टिकखाली सैल झाकून दोन-तीन दिवस ठेवा, कड धरली की उलटा करा, पंखा बंद. झाकायला टर्किश टॉवेल नको. सोलापूरला त्याचा कितीही अभिमान असो, त्याचे तंतू ओल्या पोर्सलिनला चिकटतात आणि भट्टीत जळून टाचणीएवढे खड्डे सोडतात.

पोर्सलिनची बादली, तार, लाटणं सगळं वेगळं ठेवा. लाल मातीचा किंवा गंजाचा एक कण पांढऱ्या दिव्यावर तपकिरी ठिपका होऊन बसतो.

चाचणी, त्याच बल्बखाली

प्रत्येक मातीची पायऱ्यांची पट्टी करा: १, १.५, २, ३ आणि ४ मिलिमीटर. भाजून अंधाऱ्या खोलीत, जो बल्ब लावणार त्याच्याच समोर धरा. विजेच्या भट्टीत भाजलेल्या पोर्सलिनमध्ये किंचित लोह असलं तरी मलईसारखी छटा येते. त्यामागे २७०० केल्विनचा (पिवळसर उजेडाचा) बल्ब लावला की दिवा पिवळाधमक दिसतो. ४००० केल्विनचा (पांढऱ्या उजेडाचा) लावून पाहा, कदाचित माती बदलायची गरजच पडणार नाही. ग्लेझ (काचेसारखा चकचकीत लेप) जाड दिलं की उजेड मंदावतो. बाहेरून ग्लेझ न देता भाजल्यावर ओल्या वॉटर पेपरने घासलं तर पृष्ठभाग रेशमी होतो. कोरडं घासू नका, ती धूळ फुप्फुसात जाते.

बल्ब एलईडीच घ्या, तीन ते पाच वॉटचा. वरच्या बाजूला हवा जायला जागा सोडा, नाहीतर बल्बचा ड्रायव्हर (आतलं सर्किट) लवकर जातो. लटकता दिवा असेल तर त्याचं वजन वायरवर नको: साखळी घ्या, आणि होल्डरची रिंग व मातीच्या मध्ये रबर वॉशर घाला. रिंग हाताने आवळा, पक्कड लावू नका.